पद सोडणारा उमेदवार : चिंतामणराव देशमुख

हिर्डोशी हे माझे गाव. भोरहून महाडकडे जाणारी एस.टी. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला वळसे घालीत आमच्या गावाशी येते, पुढे वरंध घाट उतरते आणि कोकणात शिरते. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद झाला, की आमचे गाव जणू रस्त्याचा शेवटच होऊन बसते. इतिहासात हा मुलूख हिरडस मावळ म्हणून ओळखला जातो. बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभूंचा हा मुलूख. त्यामुळे मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. परंतु घाट उतरून महाड गाठले आणि रायगडाच्या वाटेला लागले की नाते नावाचे गाव येते, आणि त्या गावी जन्मलेला एक मनुष्य भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभा राहिला होता, हे मला अगदी अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले वर्गातल्या एका टिपणामुळे.

राज्यशास्त्राच्या सरांनी आम्हांला एक विषय घरी लिहायला दिला होता. १९६९ सालचा जुलै महिना आहे असे धरावे, राष्ट्रपतिपदासाठी पुढे आलेल्या नावांचे गुण व उणिवा मांडाव्यात, आणि आपण कोणाला निवडू ते कारणे देऊन सांगावे. मी तीन कागद घेतले. प्रत्येकाच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे गुण, उजवीकडे उणिवा. पहिल्या कागदावर नीलम संजीव रेड्डी, दुसऱ्यावर वराहगिरी व्यंकटगिरी आणि तिसऱ्यावर चिंतामणराव देशमुख. पहिल्या दोन कागदांवर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच भरल्या. तिसऱ्या कागदाची डावी बाजू मात्र भरून वाहू लागली आणि उजवीकडे दोन ओळींपलीकडे मला काही सुचेना. मी बिनदिक्कत देशमुखांचे नाव लिहिले आणि टिपण देऊन टाकले. सरांनी गुण चांगले दिले. पण खाली लाल शाईने एक प्रश्न लिहिला. एवढ्या गुणांचा मनुष्य तिसऱ्या क्रमांकावर का राहिला, हे माझ्या कागदावरून कळत नाही, असा त्याचा आशय होता.

तो कागद घडी घालून मी दिवाळीच्या सुटीत गावी गेले. माझे आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. हा लेख म्हणजे सरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा आणि काही अंशी आजोबांचाही प्रयत्न आहे.

प्रथम डावी बाजू पाहू.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, नाते येथे झाला. वडील वकिली करीत. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. एकाच मनुष्याला संस्कृत काव्य आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही सारखीच आवडावीत, ही गोष्ट आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्यानुवाद केला, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली आणि स्वतःही संस्कृतात कविता केल्या. आकडेमोड करणाऱ्या माणसाचे मन रुक्ष असते, ही समजूत त्यांच्यापुरती तरी खोटी ठरली.

त्यांची पहिली वीस वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात सरकारी नोकरीत गेली. १९३१ साली लंडनला भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत, जिला गांधीजी उपस्थित होते, ते चिटणीस मंडळात काम करीत होते. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि चारच वर्षांत, ११ ऑगस्ट १९४३ रोजी, तिचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. महायुद्ध चालू होते, महागाई वाढत होती, आणि युद्धानंतर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालावा याची चर्चा सुरू झाली होती. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस देशांची परिषद भरली. हिंदुस्थान स्वतंत्र नव्हता, तरी त्याचे प्रतिनिधिमंडळ तेथे होते आणि त्यात चिंतामणराव होते. नव्या नाणेनिधीत हिंदुस्थानचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला. पुढे सोव्हिएत रशिया नाणेनिधीत सामील झाला नाही. त्यामुळे वाट्याच्या मानाने हिंदुस्थान पहिल्या पाच देशांत गेला. पारतंत्र्यातल्या देशासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

फाळणी झाली तेव्हा काही काळ एकच रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. ती जबाबदारी चिंतामणरावांनी सांभाळली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

१९५० साली ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. नियोजन मंडळ त्याच वर्षी स्थापन झाले होते आणि त्याचेही ते सदस्य होते. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या कारकिर्दीत राबवली गेली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. खेड्यांपर्यंत बँकेच्या शाखा न्याव्यात हा त्यामागचा एक हेतू होता. भोरच्या बाजारात आमचे लोक आज बँकेत पैसे भरायला जातात, तेव्हा नात्याच्या एका मनुष्याचा त्या गोष्टीला हात लागलेला आहे हे कोणाच्या मनात येत नाही. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतल्याचे त्यांनीच आकाशवाणीवरून जाहीर केले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. तोवर मात्र त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले होते.

ते का सोडले, हे मराठी माणसाला सांगावे लागू नये; पण माझ्या पिढीला सांगावे लागते. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. मुंबई पेटली. गोळीबार झाले, माणसे मेली. वर सांगितलेली विम्याची घोषणा त्यानंतर तीनच दिवसांनी झालेली आहे. एकीकडे अर्थमंत्री या नात्याने देशातला एक मोठा निर्णय ते पार पाडीत होते आणि दुसरीकडे सरकारात राहावे की नाही या विचारात होते. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून त्याची कारणे सांगितली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येता झाला, आणि गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. आपण १९५२ साली कुलाब्यातून निवडून आलो आहोत, याचेही त्यांना भान होते.

आजोबा त्या वेळी भोरला हायस्कुलात शिकत होते. ते सांगतात की त्या दिवशी गणिताच्या मास्तरांनी अपूर्णांकांची उदाहरणे मध्येच थांबवली आणि दिल्लीतल्या एका मराठी मंत्र्याने खुर्ची सोडल्याचे मुलांना सांगितले. फळ्यावर उदाहरण अर्धेच राहिले होते, हेही त्यांना आठवते.

पद सोडल्यावर चिंतामणराव रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे अधिष्ठान १९५६ सालीच मिळाले. त्याचे अध्यक्षपद १९६१ पर्यंत त्यांच्याकडे होते. आपल्या महाविद्यालयातील प्राध्यापकवर्गाला या आयोगाचे महत्त्व मी सांगायला नको. पुढे १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष. १९५९ साली सरकारी सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी, सत्तेतल्या माणसांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे अशी जाहीर मागणी त्यांनी केली आणि पुन्हा एकदा पंतप्रधानांची नाराजी ओढवून घेतली.

घरगुती आयुष्यात पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ साली निधन झाले. १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई घटना समितीच्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक, केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष. म्हणजे घरातही त्यांची गाठ आपल्या तोडीच्या माणसाशीच होती.

एवढा मजकूर माझ्या डाव्या बाजूस होता. आता १९६९ साल.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे अधिकारपदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेस पक्षात तेव्हा दोन तट पडले होते. एका बाजूस पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूस सिंडिकेट या नावाने ओळखले जाणारे जुने नेते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगलोरला पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. तो गांधी जन्मशताब्दीचा काळ होता आणि दलित समाजातील नेत्याला हा मान द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. सिंडिकेटने लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. मते पडली तेव्हा रेड्डींच्या बाजूने चार आणि विरुद्ध दोन अशी स्थिती झाली. त्या चारांत आपले यशवंतराव चव्हाणही होते.

त्यानंतरच्या दहा दिवसांत जे घडले ते एखाद्या नाटकाच्या अंकासारखे आहे. गिरींनी स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले आणि पदे सोडली. मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी आपला उमेदवार म्हणून चिंतामणराव देशमुखांना उभे केले. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर होते.

येथे माझ्या तीन कागदांतली पहिली दोन पाने वाचकांपुढे ठेवते.

संजीव रेड्डींच्या डाव्या बाजूस स्वातंत्र्यलढ्यातला सहभाग, आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्रिपद, काँग्रेसचे अध्यक्षपद आणि १९६७ पासूनचे सभापतिपद. सभापती झाल्यावर त्यांनी पक्षाचे सदस्यत्व सोडले होते, ही जमेची बाजू. उजवीकडे एकच मोठी गोष्ट : पंतप्रधानांना वेसण घालण्यासाठी त्यांना आणले जात आहे, असा समज. गिरींच्या डाव्या बाजूस आयर्लंडमधले शिक्षण, रेल्वे कामगारांची संघटना, तीन राज्यांचे राज्यपालपद आणि उपराष्ट्रपतिपदाचा अनुभव. उजवीकडे पंच्याहत्तरीला आलेले वय, आणि ज्या पदाचा कारभार आपण पाहत होतो त्याच पदासाठी पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहणे.

हे लिहिताना एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. ती आजोबांनी दाखवली. त्यांनी तिन्ही कागद ओटीवर शेजारी शेजारी मांडले आणि प्रत्येकावर एकेका ओळीवर बोट ठेवले. तिघांनीही पूर्वी कधीतरी राजीनामा दिलेला होता. रेड्डींनी १९६४ साली, बस वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारविरुद्ध मतप्रदर्शन केले म्हणून मुख्यमंत्रिपद सोडले होते. गिरी १९५४ साली केंद्रात कामगारमंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलेल्या निवाड्यात सरकारने फेरफार केले म्हणून ते बाहेर पडले. त्या वेळी अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव देशमुख. आणि दोन वर्षांनी चिंतामणराव स्वतः मुंबईसाठी बाहेर पडले. एकाच मंत्रिमंडळातून तत्त्वासाठी बाहेर पडलेले दोघेजण, ज्यांतल्या एकाचा राजीनामा दुसऱ्याच्या अमदानीत बँकांविषयीच्या निर्णयावरून झालेला होता, ते पंधरा वर्षांनी राष्ट्रपतिपदासाठी समोरासमोर उभे होते. आणि तेही बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच महिन्यात.

म्हणजे खुर्ची सोडण्याची तयारी हा जो गुण मी फक्त देशमुखांच्या पानावर ठळक लिहिला होता, तो तिन्ही पानांवर लिहायला हवा होता. माझी डावी बाजू भरून वाहत होती याचे एक कारण असेही असेल, की मी शोध फक्त एकाच माणसाचा घेतला होता.

आता उजवी बाजू. सरांच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

मी दोन उणिवा लिहिल्या होत्या : वय आणि पक्षाचा अभाव. त्या खऱ्याच आहेत. इंग्रज सरकारची नोकरी ही आणखी एक उणीव त्या काळी अनेकांना वाटत असणार. तुरुंगात गेलेल्या रेड्डी-गिरींच्या शेजारी १९४४ साली सर ही पदवी मिळालेला मनुष्य उभा होता. १९५६ नंतर ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्यामुळे राजीनाम्याने मिळालेले लोकांचे प्रेम कोठल्याही संघटनेत साठले नाही. पण यांपैकी कोणतीही गोष्ट मला मुख्य वाटत नाही. मुख्य गोष्ट ही की ज्यांनी त्यांचे नाव सुचवले, त्यांच्याबरोबर त्यांचा हिशेब झाला.

स्वतंत्र पक्षाचा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध होता. त्यांच्या उमेदवाराने मात्र स्वतः अर्थमंत्री असताना इंपीरियल बँक आणि आयुर्विमा राष्ट्राच्या ताब्यात आणला होता. देशमुखांच्या कागदावर ही जमेची बाजू. त्यांच्या पाठीराख्यांच्या कागदावर मात्र तिला जागा नाही. मतदार आमदार-खासदारांनी देशमुखांकडे पाहिले तेव्हा त्यांना स्टेट बँक दिसली नाही. स्वतंत्र आणि जनसंघ दिसले. तशात काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी याच दोन पक्षांकडे दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना द्यावीत म्हणून बोलणी केली. इंदिरा गांधींच्या गोटाने नेमके हेच हत्यार उचलले आणि पक्षादेश झुगारून प्रत्येकाने आपापल्या विवेकाने मत द्यावे असा आग्रह धरला. अशा रीतीने चिंतामणराव हे स्वतःच्या विजयासाठी उभे आहेत असे कोणी धरीतच नव्हते. त्यांची पहिली पसंतीची मते दुसऱ्या पसंतीने कोणाकडे जातात, एवढ्यापुरतेच त्यांच्याकडे पाहिले जात होते.

१६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले. एकूण पंधरा उमेदवार होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ एवढ्या मूल्याची मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. कोणालाच तेवढी मिळाली नाहीत. मग तळाचे उमेदवार एकेक करून गळत गेले, शेवटी देशमुखही गळले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

वजाबाकी करून पाहिली तर बाकीच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरून रेड्डींकडे ९१,८७९ गेली आणि गिरींकडे केवळ १८,५६२. परंतु गिरींना कमी पडत होती १६,६५४. तेवढी ती आली, आणि थोडी उरली. राष्ट्रपती ठरला तो या लहानशा आकड्याने. वर्षअखेर काँग्रेस दुभंगली, आणि पुढची कित्येक वर्षे देशाचे राजकारण त्या फुटीच्या रेषेवरून चालले.

येथे आजोबांची हकीकत सांगायला हवी. ती सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. निवृत्तीच्या आधी काही वर्षे शिक्षकांच्या एका पतपेढीच्या अध्यक्षपदासाठी आजोबा उभे होते. पतपेढीत दोन गट होते. एका गटातल्या काही मंडळींवर कर्जवाटपावरून बोट दाखवले जात होते, आणि त्या गटाला एक स्वच्छ नाव हवे होते. आजोबांच्या हिशेबात कधी एका रुपयाची चूक सापडली नव्हती. त्यांनी होकार दिला आणि ते पडले. त्यानंतर भेटणारा प्रत्येक शिक्षक त्यांना सांगे की गुरुजी, तुम्ही एकटे असता तर मत तुमचेच होते. घरात याविषयी कधी बोलणे होत नसे. आजीला वाटे की त्यांना वापरून घेतले. लहानपणापासून मलाही तसेच वाटत आले.

या सुटीत मी त्यांना तसे स्पष्टच विचारले. ते रागावले नाहीत. कोणी हात धरून आपल्याला उभे केले नव्हते, एवढे ते म्हणाले. होकार देताना आपण खुर्चीकडे पाहिले, स्वतःच्या हिशेबाच्या वहीकडे पाहिले. उजवी-डावीकडे कोण उभे आहे तिकडे पाहायचे राहून गेले, आणि ती चूक आपलीच, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मग पुन्हा उभे राहण्याची वेळ आली तर राहाल का, असे मी विचारले. राहीन, पण आधी बाकीची नावे मागून घेईन, असे त्यांचे उत्तर होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस.टी.ने घाट उतरून महाडला गेलो आणि तेथून रायगडाच्या वाटेला. नाते खिंडीशी आम्ही थोडे थांबलो. भाताची कापणी चालू होती. याच गावातून निघून एक मनुष्य केंब्रिज, मुंबई, ब्रेटन वुड्स आणि दिल्ली अशी वाट चालला, आणि त्या वाटेवर त्याने मिळवलेली बहुतेक पदे त्याच्या बुद्धीने आणि कष्टाने त्याच्याकडे चालत आली. परीक्षेत पहिला आलेल्याला मागे कोण आहे असे कोणी विचारीत नाही. राजीनामा देणाऱ्यालाही विचारीत नाही; पद सोडताना मनुष्य एकटा असतो आणि त्याच्या गुणांचे वजन पुरेपूर त्याचेच असते. पद मागताना तसे नसते. १९५६ चे देशमुख आणि १९६९ चे देशमुख एकच होते. विद्वत्ता तीच, सचोटी तीच. पहिल्या वेळी ते एकटे होते आणि अख्ख्या महाराष्ट्राने त्यांना उचलून धरले. दुसऱ्या वेळी दोन पक्ष त्यांच्या पाठीशी होते आणि शंभरात साडेतेरा मते त्यांना मिळाली.

राष्ट्रपती पक्षांच्या वर असावा, म्हणून पक्ष नसलेला मनुष्यच त्या जागी शोभेल, हा विचार पदाच्या दृष्टीने मला आजही बरोबर वाटतो. पण पद आणि पदाची निवडणूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे रेड्डींच्याही वाट्याला आले. १९६९ साली पराभूत झालेले तेच रेड्डी १९७७ साली राष्ट्रपतिपदावर बिनविरोध निवडून आले. आणि २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने आपली आघाडी सोडून मराठी उमेदवाराला मते दिली. पण तेव्हा त्यांच्यामागे सत्तारूढ पक्षांचे पाठबळ आधीच होते. चिंतामणरावांना मराठीपण तारू शकले नाही. बंगलोरच्या बैठकीत मराठी गृहमंत्र्यांचे मत त्याआधीच रेड्डींना पडून चुकले होते.

पराभवानंतर चिंतामणरावांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणरावांचेही निधन झाले.

सुटी संपवून परत आल्यावर मी तिसऱ्या कागदाची उजवी बाजू पुन्हा लिहिली आणि सरांकडे नेली. त्यांनी वाचली आणि मला एकच विचारले : आता मत कोणाला? मी म्हटले, पहिली पसंती देशमुखांनाच. आणि दुसरी? या वेळी मी अडखळले, कारण १९६९ च्या मतपत्रिकेवर खरा प्रश्न तोच होता. पुष्कळ विचार करून मी गिरींचे नाव घेतले. बँकेतल्या कारकुनांसाठी मंत्रिपद सोडणारा मनुष्य मला जवळचा वाटला, मग ते पद त्याने देशमुखांच्याच अमदानीत सोडलेले का असेना.

आजोबांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले. देशमुखांना निवडून द्यायला निघालेल्या त्यांच्या नातीचे मत त्या अठरा हजार पाचशे बासष्टांत जाऊन बसले होते.